शिड्यांच्या खोडी

“तुम्ही कधी कुठून पडलात का?”

भिंगरीनं हे विचारलं आणि अंगणातल्या लोकांच्या हातातले कप जागच्या जागी थांबले. समोर करड्या केसांची वार्ताहर बाई उभी होती. तिनं अजून आपलं नावही सांगितलं नव्हतं, वहीचं पानही उघडलं नव्हतं. फाटकामागे भिंगरीच्या वर्गातल्या चष्मेवाली आणि लंबू एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून उभ्या होत्या, कारण पैज त्यांचीच होती. येतील त्यांतल्या सगळ्यात कडक दिसणाऱ्या पत्रकाराला, नमस्काराच्याही आधी, हा प्रश्न विचारायचा. विचारला तर दोघी दिवसभर पाहुण्यांना चहा देणार. नाही विचारला तर भिंगरीनं सोमवारी भूगोलाच्या तासाला उभं राहून गाणं म्हणायचं.

वार्ताहर बाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पडले,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी. घरात. बल्ब बदलताना खुर्चीवर चढले होते.”

“खुर्चीवरून पडलात?”

“खुर्चीला चाकं होती.”

तिच्याबरोबरचा कॅमेरेवाला खोकल्यासारखं करून हसला. बाई त्याच्याकडे न बघता पुढे म्हणाली, “दीड महिना उजवा हात गळ्यात होता. बातम्या डाव्या हातानं टाइप केल्या. संपादक म्हणाले, सुधारल्यात. तू कोण?”

“आजची वक्ता मीच आहे,” भिंगरी म्हणाली, आणि फाटकाकडे वळून दोन बोटं वर केली. दोन ट्रे, लगेच.

दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी वाण्याकडे सुटे पैसे मागायलाही आईला पुढे करायची. मग शाळेच्या नाटकात राजा आयत्या वेळी गोवरानं आजारी पडला आणि पडदे ओढणाऱ्या भिंगरीच्या डोक्यावर मुकुट आला. नाटक संपलं, मुकुट कपाटात गेला, पण राजा काही तिच्या अंगातून उतरला नाही. परवा तिनं दंतवैद्याला त्याच्या बसण्याच्या पद्धतीबद्दल सल्ला दिला होता. म्हणून जेव्हा घरात ठरलं की कारखान्यात पत्रकार आणि गिऱ्हाइकं बोलवायची आणि आपल्या शिड्यांबद्दल कोणीतरी चार शब्द बोलायचे, तेव्हा बाबांनी काकाकडे पाहिलं, काकानं आत्याकडे पाहिलं, आत्यानं छताकडे पाहिलं, आणि भिंगरी म्हणाली, “मी आहे ना.”

आजच्या दिवसावर बरंच काही टांगलेलं होतं. काकाला एका गोदामातून नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि संध्याकाळी सहापर्यंत त्यानं फोन करून हो-नाही सांगायचं होतं. बाबा शिडीचे दांडे आणि पाय घडवत, काका पायऱ्या बसवी, आत्या घासूनपुसून तेल लावी आणि प्रत्येक शिडीवर स्वतः चढून बघे. यातला एक जरी गेला तरी उरलेल्या दोघांनी कारखाना ओढायचा नाही, दार बंद करायचं, हे बाबांनीच जेवताना सांगून टाकलं होतं. मग तोडगा निघाला. आज तीस शिड्यांची मागणी आली तर काका गोदामाला नाही म्हणेल. बाबांनी भिंतीत एक लांब खिळा ठोकला. एका शिडीच्या मागणीची एक चिठ्ठी, आली की त्यात खोचायची.

सकाळी अकरा वाजता खिळा मोकळा होता आणि अंगणात पंचवीसेक माणसं होती. मागे पाच शिड्या उभ्या होत्या, प्रत्येकीवर पांढरी चादर. पाचवी खास होती. ती खुर्ची होती, आणि पाठ उलटी केली की चार पायऱ्यांची शिडी व्हायची. ती कल्पना भिंगरीची. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर काढलेली.

ती पाहुण्यांकडे तोंड करून उभी राहिली. मागे काका चादरी ओढायला तयार. भाषण तिनं आरशासमोर अकरा वेळा म्हटलं होतं.

“माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, पहिली शिडी स्वतःसाठी केली,” तिनं सुरुवात केली. “कारण त्यांची टोपी झाडावर अडकली होती. टोपी मिळाली नाही, पण धंदा मिळाला.”

लोक हसले. बरं चाललंय, भिंगरीला वाटलं. तिनं हात उंचावला. ती काकासाठी खूण होती. मागे चादरी सर्र सर्र उतरल्याचं ऐकू आलं. एक जरा चिकटल्यासारखी अडकली, मग तीही उतरली.

“बघा,” ती म्हणाली, मागे न बघता, कारण राजा मागे बघत नसतो. “आमच्या शिड्यांमध्ये तुम्हाला शोधूनसुद्धा दोष सापडणार नाही.”

अंगणात हशा फुटला. रंगारी म्हणून आलेला जाडजूड माणूस गुडघ्यावर हात ठेवून हसत होता. कॅमेरेवाला कॅमेरा लावायचं सोडून डोळे पुसत होता. भिंगरी खूश झाली. एवढं विनोदी वाक्य आपण लिहिलंय हे तिला आधी कळलंच नव्हतं. मग तिला वार्ताहर बाईचं बोट दिसलं, आणि तिनं वळून पाहिलं.

पहिल्या शिडीच्या दांड्यावर, मुठीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत, ऑइलपेंटनं लिहिलं होतं: चढताना पहिली पायरी बोलते. उतरताना गप्प.

दुसरीवर: चौथी पायरी डावीकडे बघते.

तिसरीवर: तिसऱ्या पायरीच्या खाचेत काडीपेटीची काडी जाते. आम्ही घालून पाहिली.

चौथीवर: दुसरी पायरी पावशेर सैल.

आणि तिच्या स्वतःच्या खुर्चीवर, पाठीवर, अगदी मधोमध: बसायला छान. शिडी होताना पायऱ्या दोनदा विचार करतात.

भिंगरीच्या पोटात एक खड्डा पडला आणि राजा त्यात मुकुटासकट पडला.

आबांचा नियम होता तो. माल दाखवायच्या आधी त्याची खोड सांगायची. बनवणाऱ्यानं स्वतः चढायचं नाही, दुसऱ्यानं चढून बघायचं, आणि जे सापडेल ते खडूनं शिडीवरच लिहायचं, म्हणजे घेणाऱ्याला वाचता येईल. या घरातून आजवर एकही शिडी खडूशिवाय बाहेर गेली नव्हती. काल संध्याकाळी सगळे जेवायला आत गेल्यावर भिंगरीनं ओल्या फडक्यानं पाचही शिड्या पुसल्या होत्या. पत्रकार येणार, आणि आपण काय खोडी दाखवायच्या? कोणाला सांगितलं मात्र नव्हतं.

“आत्या,” ती दातांमधून म्हणाली.

“काय गं?” आत्या बाजूलाच होती, तृप्त चेहऱ्यानं. “सकाळी बघते तर सगळं पुसलेलं. म्हटलं, चादरींनी खडू गेला असेल. म्हणून या वेळी पक्कं केलं. पाहुणे येणार म्हटल्यावर अक्षर तरी मोठं नको?”

“रंग ओला आहे, आत्या.”

“हो, एका चादरीवर उलटं उमटलंय. धुऊन टाकू.”

रंगारी पुढे आला. त्यानं पहिल्या शिडीवर पाय ठेवला. पायरी कुरकुरली. तो उतरला. पायरी गप्प. तो पुन्हा चढला, पुन्हा उतरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की जणू कोणीतरी त्याला वाढदिवसाची भेट दिली.

“खरंच की,” तो म्हणाला. “आमच्याकडच्या शिड्या न सांगता बोलतात. वर गेल्यावर. हातात डबा असताना. ही निदान आधी सांगते. या असल्या दोन लिहा.”

“बोलक्याच पाहिजेत?” बाबांनी विचारलं. बाबा एरवी गिऱ्हाइकाशी बोलताना आपल्या बुटांशी बोलत. आज त्यांनी मान वर केली होती.

“बोलक्याच. कामावरची पोरं चढली की मला खालून कळेल.”

वाचनालयाच्या बाईंचं वेगळं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “आमच्याकडे बोलणारी पायरी कशी चालेल? मी माणसांना गप्प करते, शिडीला कशी करू?”

“मग ही घेऊच नका,” बाबा म्हणाले. “ती डावीकडे बघणारी बघा. तिला तोंड नाही.”

“डावीकडे म्हणजे किती?”

“तुम्ही कपाटाच्या डाव्या बाजूला कादंबऱ्या ठेवत असाल तर सोयच होईल.”

वाचनालयाच्या बाई हसल्या. चार चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. भिंगरीनं त्या खिळ्यात खोचल्या आणि खड्ड्यातला राजा मुकुट झटकत वर आला. भाषणाचा कागद तिनं खिशात कोंबला. आता ती शिडीवर चढली, शिडीवरून बोलली, दोनदा विचार करणारी खुर्ची उघडून मिटून दाखवली आणि पायऱ्या अडकल्या की म्हणे, “थांबा, तिचा विचार चाललाय.” लोक थांबत. लोक हसत. कॅमेरेवाल्यानं तिला तेच चार वेळा करायला लावलं आणि चारही वेळा पायऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी अडकल्या. लंबू आणि चष्मेवाली ट्रे घेऊन धावत होत्या. लंबूनं एका साहेबांना चुकून तीन वेळा चहा दिला होता आणि त्यांनी तीनही वेळा घेतला होता.

ते साहेब म्हणजे निळा सूट. बऱ्याच शहरांत दुकानं असलेल्या एका घरसामानाच्या कंपनीचा खरेदी बघणारा माणूस. तो हसत नव्हता. तो खुर्ची उलटी करून तिचं पोट बघत होता.

दुपारी चारला खिळ्यात एकोणीस चिठ्ठ्या होत्या. तेव्हा वार्ताहर बाई पेन्सिल कानावर खोचून म्हणाली, “एक शंका आहे. मी सगळं उतरवून घेतलं. मागे भिंतीला टेकवलेल्या जुन्या शिड्यांवरचा खडूही वाचला. दांड्याबद्दल एक तक्रार नाही, पायांबद्दल नाही. अगदी जुन्या शिड्यांवर इथलं तिथलं काहीबाही आहे. पण अलीकडच्या या बारा-पंधरांवर फक्त पायऱ्या. पायऱ्या कोण बसवतं?”

काका समोरच होता. चादर घडी करत होता. त्याची घडी थांबली.

“मी,” बाबा म्हणाले.

भिंगरीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आयुष्यात पायरी बसवली नव्हती. बाबा खोटं बोलतात हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं आणि ते फार वाईट बोलतात हेही. त्यांचे कान लाल झाले होते. वार्ताहर बाईनंही ते कान पाहिले असावेत. तिनं काही लिहिलं नाही. “बरं,” म्हणाली आणि चहाकडे वळली.

पाच वाजता निळ्या सुटानं बाबांना बाजूला घेतलं. पाच मिनिटांनी बाबा सगळ्यांना मागच्या खोलीत घेऊन आले. तिथं लाकडाचा भुसा, तेलाचे डबे आणि काकाचं बाक. बाबांनी दार लोटलं.

“दोनशे,” ते म्हणाले. “खुर्चीशिड्या दोनशे. वर्षभरात द्यायच्या.”

आईनं हातातली कपबशी बाकावर ठेवली. “काय सांगता?”

“एक अट आहे. काही लिहायचं नाही. ना खडू ना रंग. वर त्यांचा कागद चिकटवायचा. ‘पूर्णपणे निर्दोष’.”

“मग विचारायला काय आलास?” आत्या म्हणाली. “नाही म्हणून सांग.”

“ताई, दोनशे आहेत. तीस पाहिजे होत्या.”

“आणि ती शिडी दोनदा विचार करते. ते काय त्यांचा कागद चिकटवला की करायची बंद होईल?”

“सुधारू हळूहळू,” काका म्हणाला. तो खिडकीकडे तोंड करून बोलत होता. “दादा म्हणतोय ते बरोबर आहे. घेऊया. वाट कसली बघायची?”

दोघे भाऊ एकीकडे, आत्या एकीकडे. आता आई बोलली की तीन विरुद्ध एक होणार, हे भिंगरीला ठाऊक होतं. आईला शिड्यांचं कधीच कौतुक नव्हतं. ती या घराला “तुमचं ते चढणं-उतरणं” म्हणे. आई बाकावर टेकली, भुसा झटकला, आणि म्हणाली, “माझं मत ताईंना.”

“अगं, तू?” बाबा म्हणाले.

“माझं लग्न ठरताना सासरे आमच्याकडे आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, मुलाची खोड आधी सांगतो. घोरतो. चहा गार करून पितो आणि गार झाला म्हणून कुरकुरतो. भांडणात गप्प बसतो, चार-चार दिवस. आणि खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. माझी आई म्हणाली, असलं स्थळ नको. मी म्हटलं, बाकीच्या तिघांनी तर मुलगा सोन्याचा म्हणून सांगितलं, त्यांचं काय निघेल देव जाणे. याचं निदान माहीत तरी आहे.”

“हे तू मला वीस वर्षांत सांगितलं नाहीस,” बाबा म्हणाले.

“चार-चार दिवस गप्प बसलेल्या माणसाला कधी सांगायचं?”

आत्या एवढी हसली की तिला तेलाच्या डब्याचा आधार घ्यावा लागला. काकाही हसला. बाबा हसायचं नाही असं ठरवून हसले. भिंगरीला वाटलं, आत्ता या घटकेला या खोलीतल्या चारही माणसांना एकदम मिठी मारावी, पण हात तेवढे लांब नव्हते. आणि हसता हसता तिचं लक्ष काकाच्या हाताकडे गेलं. तो खिडकीच्या कडेवर होता. अंगठा आणि पहिलं बोट थरथरत होतं, दमल्यासारखं नाही, आपल्याच लयीत, मालकाला न विचारता.

“काका,” ती म्हणाली. “कधीपासून?”

हसणं संपायला थोडा वेळ लागला. कोणी विचारलं नाही की काय कधीपासून. त्यावरूनच तिला कळलं की सगळ्यांना माहीत होतं.

“दोन वर्षं होतील,” काका म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, धोक्याचं काही नाही, पण थांबायचंही नाही. छिन्नी धरली की बोटं ऐकत नाहीत. खाच केसभर मोठी पडते.” तो हसला. “तेवढी तुझ्या आत्याला सापडते.”

“मी शिडीचं लिहिते,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “माणसाचं नाही लिहीत.”

“गोदामात काय काम आहे?” भिंगरीनं काकाला विचारलं.

“खोकी आली की यादीशी ताडून बघायची. बसून. एक टेबल आहे, खिडकी आहे.”

“तुला जायचंय?”

काकानं बाबांकडे पाहिलं. बाबा बुटांकडे बघत होते. “दादानं आजचा एवढा घाट घातला,” काका म्हणाला. “माझ्यासाठी. तीस चिठ्ठ्या. मी कसं म्हणू, मला टेबल आवडलं म्हणून?”

“म्हणजे मी तुला थांबवण्यासाठी हे करत होतो,” बाबा म्हणाले, “आणि तू माझ्यासाठी थांबत होतास.”

“असंच काहीसं.”

“दोघांनाही बदडायला पाहिजे,” आई म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

बाहेर कोणीतरी शिडीवर चढलं. पहिली पायरी बोलली. उतरलं, गप्प. निळा सूट घड्याळ बघत फाटकाजवळ उभा असल्याचं दाराच्या फटीतून दिसत होतं. त्याच्या हातात चौथा कप होता. सहाला वीस मिनिटं होती.

“आता तूच सांग, ताई,” बाबा आत्याला म्हणाले, पण आत्यानं मान हलवली.

“मी कोण सांगणार? ज्याची शिडी त्याचा शब्द. आबांनी तुझी पहिली शिडी तुला विचारूनच विकली होती, आठवतंय ना? तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. ही तर पंधराची आहे.”

चौघांनीही भिंगरीकडे पाहिलं. एरवी हा क्षण तिनं आवडीनं लांबवला असता. मुकुट सारखा केला असता, घसा खाकरला असता. दोनशे खुर्च्या. दोनशे घरांमध्ये तिच्या वहीचं शेवटचं पान. कितीतरी शहरांतल्या दुकानांच्या काचेत. तिनं ते डोळ्यांसमोर एकदा नीट बघून घेतलं, कारण ते खरंच फार सुंदर दिसत होतं. मग त्या दोनशेंवरचे दोनशे कागद दिसले. आणि तिच्या लक्षात आलं की सकाळी अकरा वाजता आपण स्वतः हेच वाक्य अंगणात मोठ्यानं म्हटलं होतं, आणि सगळं गाव हसलं होतं.

ती काकाच्या बाकाकडे गेली. त्यावरची कपबशी उचलून आईच्या हातात दिली. छिन्नी उचलली. ती अपेक्षेपेक्षा जड होती.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “मी आत्ता बाहेर जाऊन त्या साहेबांना ‘नाही’ म्हणून सांगणार आहे, आणि चहाबद्दल आभारही मानून घेणार आहे, कारण चार कप प्यायलेत. काका सहाच्या आत फोन करून हो म्हणेल. दार बंद करायचं नाही. एकोणीस चिठ्ठ्या आहेत, त्या लोकांना आजच सांगायचं की उशीर होईल, आणि ज्यांना थांबायचं नसेल त्यांची चिठ्ठी परत द्यायची. शाळा सुटली की रोज दोन तास आणि रविवारी पूर्ण दिवस मी या बाकावर बसणार. रविवारी काकानं शेजारी बसून शिकवायचं, हात न लावता, नुसतं तोंडानं. संध्याकाळचा गणिताचा क्लास बंद, गणित मी घरी करीन, आणि मार्क कमी आले तर तेव्हा काय ते बोलू. पायऱ्या आता मी बसवणार.”